सज्जनबाईंचा नेम

बेल्ह्यात केवलचंद शेठचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नाही. दारावर कासऱ्यांची भेंडोळी, वेसणी, झुली आणि घुंगरमाळा इतक्या टांगलेल्या असतात, की उंच गिऱ्हाइकाला वाकूनच आत यावं लागतं. बैलबाजाराच्या दिवशी टेम्पोवाले, मोटारसायकलवाले आणि नुसतेच बघे असे सगळे आधी इथं टेकतात. दुकानाच्या मागं घर आणि दोन्हींच्या मध्ये एक लांबट खोली. तिच्या एका दारातून गल्ला दिसतो, दुसऱ्यातून स्वयंपाकघर. या खोलीत भिंतीला टेकून सज्जनबाई बसत.

सज्जनबाई म्हणजे शेठची बायको. वय साठीच्या पुढं, अंगकाठी बारीक. दर रविवारी दुपारी जैन स्थानकातल्या पाठशाळेत त्या लहान मुलांना शिकवत. त्यांची शिकवायची रीत जरा वेगळी होती. मूल अडलं की त्या उत्तर सांगत नसत. गप्प बसून मुलाकडं बघत राहत, आणि मूल आपलं आपण उत्तराशी येई. कुणाला वेळ लागला तरी त्यांची हरकत नसे.

त्यांचा एक नेम होता. सकाळी अंघोळ झाली की दुपारच्या जेवणापर्यंत मौन. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात महासतीजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास झाला, तेव्हा त्यांच्यासमोर हात जोडून सज्जनबाईंनी हा नेम जन्मभरासाठी घेतला होता. असा नेम घेताना माणसं थोडी सवलत ठेवून घेतात, आजारपणाची म्हणा, प्रवासाची म्हणा. सज्जनबाईंनी सवलत ठेवली नाही. जपमाळ हातात घ्यायची, ओठ न हलवता नवकार मंत्र म्हणायचा आणि अंगठ्यानं एकेक मणी पुढं सारायचा. घर या मौनाला सरावलं होतं. सकाळी त्यांना कुणी काही विचारत नसे, आणि तरी घरातलं काही अडत नसे.

रिंकू त्यांची नात. मुलगा कल्पेश आणि सून डिंपल यांची एकुलती मुलगी. सकाळी कल्पेश माल आणायला बाहेर पडे, डिंपल गल्ल्यावर बसे, शेठ गिऱ्हाइकांशी बोलत. त्यामुळं रिंकू वाढली ती आजीच्या गुडघ्याला टेकून. दीड-दोन वर्षांची झाली तरी ती बोलेना, तेव्हा शेठनी ते मनावर घेतलं नाही. कल्पेशही उशिरा बोलला होता. आणि मुलीला ऐकू येतं याबद्दल तर कुणाला शंकाच नव्हती. कुकरची शिट्टी झाली की ती स्वयंपाकघराकडं बघे. फोन वाजला की गल्ल्याकडं बघे. दारात कुणी हाक मारली की मान वर करी. हे सगळ्यांनी सकाळी आजीच्या खोलीतून येताजाता डोळ्यांनी पाहिलं होतं.

एकट्या डिंपलला खात्री वाटत नव्हती. का वाटत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मंचरला माहेरी गेली असताना तिनं मुलीला डॉक्टरांकडं नेलं, आणि तिथून पुढं तपासण्यांची रांग लागली. पुण्यात मुलीला औषधानं झोपवून, डोक्याला तारा लावून, कानात आवाज सोडले आणि मेंदूपर्यंत काही पोचतं का ते पाहिलं. दोन्ही बाजूंनी काहीच पोचत नव्हतं. मग कानामागं लावायची दोन मशीनं दिली आणि सांगितलं, काही महिने ही दिवसभर वापरा. यांनी भागलं तर ठीक. नाही भागलं तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करू.

इम्प्लांट म्हणजे काय, हे सज्जनबाईंनी डिंपलकडून नीट समजून घेतलं होतं. आपल्या कानाच्या आत खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते. आवाज तिथं पोचला की तिथले बारीक केस हलतात आणि शिरेला खबर देतात. रिंकूचे ते केसच काम करत नसावेत. ऑपरेशन करून त्या पोकळीत केसाएवढी तार सरकवायची, म्हणजे तारच शिरेला खबर देते. पण हे लहानपणीच करावं लागतं. बोलणं शिकायचं मेंदूचं एक वय असतं. ते उलटलं की तार घातली तरी मेंदूला त्या आवाजाचा अर्थ लावता येत नाही. रिंकूला चौथं सरत आलं होतं. जितकं थांबू तितकं जाणार होतं.

सगळं समजूनही सज्जनबाईंना ऑपरेशन नको होतं. एवढंसं डोकं, त्याला कानामागं छेद. शेठ आणि कल्पेशही कचरत होते. म्हणून नारायणगावला शेवटची तपासणी ठरली, तेव्हा मशीनांनीच भागू दे असं घरातल्या तिघांना वाटत होतं, आणि चौथी काही बोलत नव्हती.

नारायणगावचं श्रवण केंद्र एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. तपासणी करणारी प्रज्ञा तिशीच्या आतली, शांत मुलगी. ती निमगाव सावाच्या भागुजींची नात निघाली. शेठनी लगेच ओळख काढली. भागुजी त्यांचं जुनं गिऱ्हाईक.

"कासरा घेताना लई ओढून बघायचा तुझा आजा," शेठ म्हणाले. "माझा निम्मा दिवस जायचा."

"बैल गेले, पण सवय गेली नाही," प्रज्ञा म्हणाली. "आता माझ्या स्कूटीचे ब्रेक ओढून बघतात."

तपासणी सकाळची होती, म्हणजे सज्जनबाईंचं मौन चालू होतं. त्या गाडीतच बसून राहणार होत्या. पण आजी दिसेनाशी झाल्याबरोबर रिंकूनं असा आकांत मांडला, की प्रज्ञानं त्यांना वर बोलावलं आणि रिंकूशेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. त्यांना तिनं दोनदा बजावलं. मान हलवायची नाही, मुलीकडं बघायचं नाही, तिला हात लावायचा नाही. सज्जनबाईंना हे अवघड नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, माळ मांडीवर घेतली आणि जप सुरू केला.

खोली जाड गाद्यांनी मढवलेली होती. काचेपलीकडं प्रज्ञा तिच्या यंत्रापाशी बसली. अलीकडं रिंकूसमोर एका पट्टीवर लाकडी खांब आणि शेजारी रंगीत कड्या. खेळ सोपा होता. कडी गालाशी धरून थांबायचं आणि आवाज आला की ती खांबात घालायची. आधी प्रज्ञानं ढोलकं वाजवून, दाखवून, हा खेळ तिला शिकवला. रिंकू दोन खेपेतच शिकली. मग समोरच्या पेटीतून आवाज येऊ लागले. कधी जाडा घुमणारा, कधी पाखरासारखा बारीक. सज्जनबाईंचं चित्त नवकारावर होतं, पण दर आवाजाला ते हलायचं, आणि लगेच शेजारी कडी पडल्याचा टक्‌ असा आवाज यायचा. आवाज हळूहळू लहान होत गेले. तरी टक्‌ येतच राहिलं. शेवटी प्रज्ञा आत आली, तोंडासमोर कापड धरून आ, ई, स, श असं म्हणू लागली. तेव्हाही तेच.

कल्पेशला राहवलं नाही. तो काचेपलीकडूनच हसत होता.

प्रज्ञा मात्र हसली नाही. ती कागद बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं, की पुण्याची तपासणी म्हणते काहीच पोचत नाही आणि आजची म्हणते मशीनं लावून बरंच पोचतंय. असं क्वचित होतं. आवाज आत पोचतो, पण शीर तो मेंदूकडं नेताना विस्कटून नेते. अशा मुलांच्या बाबतीत ऑपरेशनची घाई करत नाहीत. मशीनं चालू ठेवायची, वर्षभर लक्ष ठेवायचं, मग पुन्हा बघायचं. ती पुण्याला तसं कळवणार होती.

डिंपलनं एवढंच विचारलं, की वर्षानं रिंकूचं वय निघून जाणार नाही का. प्रज्ञा म्हणाली, थोडं जाईल. पण ज्या मुलीला ऐकू येतंय तिच्या कानात तार घालणंही बरोबर नाही.

घरी शेठनी पेढे आणवले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ती हकिगत ऐकवली, आणि प्रत्येक खेपेला त्यातला आवाज आणखी बारीक होत गेला. कल्पेशनं पुण्याच्या नातेवाइकांना फोन केले. सज्जनबाईंना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्या रविवारी पाठशाळेत मुलांनी चुकीचं म्हटलेलं सूत्र त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळ सरत आली होती, दुकानात सामसूम होती. गडी रामदास स्टुलावर चढून घुंगरमाळा टांगत होता. सज्जनबाई आपल्या जागी जपाला बसल्या होत्या आणि त्यांच्या गुडघ्याशी रिंकू खेळत होती. नारायणगावचा खेळ तिला फार आवडला होता. घरी खांब नव्हता, म्हणून तिनं लाटणं उभं केलं होतं आणि कड्या नव्हत्या म्हणून आईच्या बांगड्या घेतल्या होत्या. एक बांगडी गालाशी धरून ती बसली होती.

जप करता करता सज्जनबाईंना आठवलं, की मूग भिजत घालायचे राहिले. त्यांचा अंगठा मण्यावर थांबला.

रिंकूनं बांगडी लाटण्यात घातली.

मग तिनं गल्ल्याच्या दाराकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. स्वयंपाकघराकडं बघितलं. तिथंही काही नव्हतं. तिनं पुन्हा आजीच्या हाताकडं पाहिलं आणि दुसरी बांगडी उचलून गालाशी धरली.

सज्जनबाईंनी आजवर कित्येक मुलांना शिकवलं होतं. मूल काय शिकलंय हे त्याच्या डोळ्यांवरून त्यांना कळायचं. रिंकूचे डोळे त्यांच्या अंगठ्यावर होते. त्यांनी जप पुढं नेला. मणी सरकत राहिले, बांगडी गालाशीच राहिली. मग त्यांनी मुद्दाम अंगठा थांबवला. बांगडी लाटण्यात गेली. पुन्हा मणी, पुन्हा थांबणं, पुन्हा बांगडी. रिंकूला गंमत वाटत होती. आजी पहिल्यांदाच तिच्याशी हा खेळ खेळत होती.

तेवढ्यात दुकानात रामदासच्या हातून घुंगरमाळांचं आख्खं ओझं फरशीवर कोसळलं. डिंपल दचकून उठली. शेठ आतून ओरडले. सज्जनबाईंनी आपला सगळा जीव अंगठ्यात एकवटला आणि मणी सरकवत राहिल्या. एक, मग दुसरा, मग तिसरा.

रिंकू बांगडी गालाशी धरून अंगठ्याकडं बघत बसली होती. तिच्या दोन्ही कानांवर मशीनं होती आणि ती चालू होती.

मग सज्जनबाईंना मागचं सगळं एकेक करून दिसायला लागलं. कुकरची शिट्टी, फोन, दारातली हाक. शिट्टी ऐकून मुलीनं मान वळवली नव्हती. शिट्टी ऐकून आजीचा अंगठा थांबत होता, आणि अंगठा थांबला की कुठंतरी काहीतरी झालेलं असतं, एवढं मूल शिकलं होतं. दोन वर्षं घरानं जे ऐकणं म्हणून पाहिलं, ते पाहणं होतं. आणि नारायणगावला, त्या मढवलेल्या खोलीत, डोळे मिटून, मान न हलवता, हात न लावता, त्यांनी प्रत्येक आवाज तिला सांगितला होता.

जेवणाला अजून वेळ होता. त्यांनी माळ पुरी केली. दुसरी घेतली. ती पुरी केली. गल्ल्यावर शेठ कुणालातरी नातीच्या कानांची हकिगत सांगत होते आणि ती त्यांना ऐकावी लागत होती. एकदा डिंपल पाणी प्यायला आत आली तेव्हा त्यांनी तिच्याकडं पाहिलं. डिंपल थबकली. पण सकाळी आजींना काही विचारायचं नसतं, म्हणून ती पुन्हा गल्ल्यावर गेली.

ताटं वाढल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

कल्पेशला ते पटेना. तो आणि डिंपल त्यांना बाई म्हणत. "बाई, मशीनवर झालेली तपासणी हाय ती. तुझ्या अंगठ्यानं काय व्हतंय?"

शेठना रागच आला. "तुलाच नको व्हतं ना ऑपरेशन? आता मनासारखं झालं तर तूच न्हाई म्हणतीस?"

"मला नको व्हतं," सज्जनबाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगते."

डिंपल खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "मी हाक मारली की ती कधीच वळत न्हाई. बाईंपाशी असली की सगळ्यांकडं वळती. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. लेकरू माझ्यावर रुसलंय. कसं सांगायचं कुणाला?"

कल्पेश उठला. त्यानं रिकामं ताट आणि डाव घेतला, रिंकूच्या मागं जाऊन उभा राहिला आणि डाव ताटावर मारला. रिंकू वरणभात खात होती. त्यानं आणखी जोरात मारला. दुकानातून रामदासनं डोकावून बघितलं, काय झालं म्हणून. कल्पेश मारतच राहिला. रिंकूनं घास संपवला, बोटं चाटली आणि आजीला पापड मागितला, नेहमीसारखा, बोटानं दाखवून.

कल्पेशनं डाव खाली ठेवला.

दुपारी डिंपलनं प्रज्ञाला फोन केला. प्रज्ञानं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. आजींना दोष देऊ नका, खुर्ची तिथं मी ठेवली होती, असं ती म्हणाली. आधीचा निष्कर्ष धरू नका असं पुण्याला कळवते, म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ दिली.

या खेपेला शेठ बाजारामुळं दुकानातच राहिले आणि सज्जनबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. माळ त्यांनी घरीच ठेवली होती. आत रिंकू रडली, मग कड्या दिसल्यावर गप्प झाली असावी. डिंपल तिच्या मागं बसली होती, कल्पेश प्रज्ञाशेजारी काचेपलीकडं. दार जाड होतं, पण आवाज मोठे झाले की थोडे बाहेर येत.

सज्जनबाई कान देऊन बसल्या. पाखरासारखा आवाज आला. त्यांनी कडी पडायची वाट पाहिली. पडली नाही. पुन्हा तोच आवाज, मोठा. काही नाही. मग आणखी मोठा. एखाद्या मुलाकडून पाठ करून घेतलेलं त्याला ऐन वेळी आठवू नये आणि आपण दाराआड उभं असावं, तसं त्यांना झालं. पड, असं मनात येई आणि पडू नको, असंही येई. कशासाठी प्रार्थना करावी हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी केलीच नाही. शेवटी असा घुमणारा आवाज झाला, की बाकाच्या पायातून तो त्यांच्या टाचेला कळला. तेव्हा आत एकदाच टक्‌ झालं. त्यानंतर पुन्हा शांत.

प्रज्ञा बाहेर आली. तिनं काही सांगायच्या आधी सज्जनबाईंनाच आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. ते झाल्यावर तिनं सगळ्यांना बोलावलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एक रिंकूच्या मागच्या तपासणीचा आणि एक आत्ताचा, सज्जनबाईंचा. दोन्हींवरच्या रेघा जवळजवळ एकसारख्या होत्या.

"मागच्या वेळी तपासणी तुमची झाली, आजी," ती म्हणाली. "तुमचे कान वयाच्या मानानं बरे आहेत. फक्त फार बारीक आवाज कमी येतात."

कल्पेश हसला आणि मध्येच थांबला.

आता सगळ्या तपासण्या एकच गोष्ट सांगत होत्या. मशीनांनी भागत नव्हतं. जोराचा आवाज रिंकूला कळला तो अंगाला. पुण्यात काढलेल्या स्कॅनमध्ये आतली पोकळी आणि शीर चांगली होती. वय अजून हातात होतं. रिंकू इम्प्लांटला योग्य होती, आणि आज सायंकाळपर्यंत तसं पुण्याला जाणार होतं. डिंपलनं डोळे पुसले. कल्पेशनं मान हलवली आणि ऑपरेशनबद्दल जे विचारायचं होतं ते एकेक करून विचारलं. प्रज्ञानं प्रत्येकाचं उत्तर दिलं.

मग ती म्हणाली, एक गोष्ट राहिली. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून मूल ऐकायला लागतं असं नाही. आधी नुसता गोंगाट येतो. त्याचा अर्थ लावायला महिनोन्महिने लागतात, आणि तो लावायला मूल तेव्हाच शिकतं, जेव्हा त्याला दुसरा रस्ता नसतो. रिंकूचे डोळे फार तयार झालेत. समोर हात दिसला, चेहरा दिसला की ती ऐकणार नाही, बघेल. म्हणून तिच्याशी सारखं बोलायचं, तेही बाजूनं किंवा मागून. आत्तापासून, मशीनं असतानाच, म्हणजे घराला सवय होईल. दिवसाचा मोठा भाग ती कुणाजवळ असते?

कल्पेशनं आईकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

डिंपलनंच सांगितलं. सकाळी आजींजवळ असते, आणि आजींचं तेव्हा मौन असतं. जन्माचा नेम आहे.

नेम मोडा असं मी कुणाला सांगणार नाही, असं प्रज्ञा म्हणाली. पण मग सकाळी रिंकू त्यांच्याजवळ नको. जिच्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव आहे, तीच गप्प बसली, तर मूल तिच्याकडं बघतच राहणार.

डिंपलनं तत्परतेनं मान हलवली. सकाळी ती माझ्याजवळ राहील, गल्ल्यावर, असं ती म्हणाली. बाईंच्या नेमाला धक्का नको. कल्पेशलाही ते पटलं. व्यवस्था चांगली होती. कुणाचं काही बिघडत नव्हतं. रिंकू आजीच्या मांडीवर बसून त्यांच्या बांगड्या फिरवत होती.

सज्जनबाई सुनेकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढं ती लांबट खोली आली, दोन्ही दारं उघडी, आणि गुडघ्याशी कुणी नाही. त्या जपाला बसल्या आहेत आणि पलीकडं गल्ल्यावर डिंपल मुलीशी बोलते आहे. महासतीजींसमोर जोडलेले हातही त्यांना आठवले. सवलत ठेवा, असं महासतीजींनी तेव्हा म्हटलं होतं. पुढं काय येईल सांगता येत नाही. सज्जनबाईंनी नको म्हटलं होतं. त्या वयात माणसाला वाटतं, की आपल्याला सगळं पेलतं.

भिंतीवरच्या घड्याळात जेवणाची वेळ झाली नव्हती.

"मी बोलन तिच्याशी," सज्जनबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत सकाळी त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो घोगरा आणि हळू आला. कल्पेश खुर्चीतून अर्धा उठला.

"बाई, तुझा नेम…"

"त्याचं मी महासतीजींना विचारीन. त्या जे प्रायश्चित्त देतील ते करीन." मग त्या डिंपलकडं वळल्या. "तू गल्ल्यावर बस, आन तिथनं तिला हाका मार. मागनं. वळली न्हाई तरी मारत ऱ्हा. वळंल तवा मला सांग."

डिंपलनं सासूच्या मांडीवरून रिंकूला उचलून घेतलं, आणि थोड्या वेळानं परत त्यांच्याजवळ दिलं.

परत येताना कल्पेश गाडी चालवत होता. मागं सज्जनबाईंनी रिंकूला मांडीवर घेतलं, पण पाठ आपल्याकडं आणि तोंड खिडकीकडं करून. त्या तिच्या कानाजवळ वाकल्या आणि बोलू लागल्या. काय बोलावं हे त्यांना आधी सुचेना. पाठशाळेत मुलं विचारत आणि त्या गप्प राहत. इथं विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून जे दिसेल ते सांगायला त्यांनी सुरुवात केली. हे टोमॅटोचे क्रेट. हा ट्रक, लाल ट्रक. ही कांद्याची चाळ, इथं कांदा ठेवतात. ही बाई डोक्यावर चारा घेऊन चालली. हे कुत्रं, ते झोपलंय. रिंकू खिडकीतून बाहेर बघत होती आणि काचेवर बोटानं काहीतरी काढत होती. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

आळेफाटा येईतो सज्जनबाईंचा घसा बसला. सकाळच्या वेळी बोलायची त्याला सवय नव्हती. डिंपलनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी दोन घोट घेतले.

कल्पेश आरशातून बघत म्हणाला, "बाई, जरा दम खा. तिला आत्ता काय ऐकू येत न्हाई."

"तिला न्हाई येत," सज्जनबाई म्हणाल्या. "सवय मला लागायची हाय."

त्यांनी बाटलीचं टोपण लावलं आणि पुन्हा वाकल्या. ही डाळिंबाची बाग. हा पंप. ही एस्टी, ती अहिल्यानगरला चालली. बेल्हे यायला अजून वेळ होता, आणि जेवणालाही.